बेळगाव भागात पीएफ-ग्रॅच्युइटीचं स्वतंत्र काम: धंदा कुठे आहे आणि जोखीम कुठे

प्रश्न असा आला आहे: "मी निपाणीचा. बी.कॉम. करून बेळगावातल्या एका ऑडिटरकडे पीएफ-ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) काम केलं. आता स्वतःचं ऑफिस टाकायचं आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जमलं तर एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), सगळं एकाच ठिकाणी. गिऱ्हाईक म्हणजे बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेतले आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीतले छोटे कारखाने. पण ऑनलाइन पेरोल कंपन्या माणशी जो दर सांगतात त्यात माझं भाडंसुद्धा निघत नाही. यात धंदा आहे का? आणि कायद्याची जोखीम माझ्या अंगावर किती येते?"

धंदा आहे, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. ईसीआरची (महिन्याच्या पीएफ भरण्याच्या कामगारवार यादीची) फाइल चढवणं आणि चलन काढणं हे काम आता कोणतंही सॉफ्टवेअर करतं. त्या दराशी स्पर्धा करायला जाऊ नका. कामगाराची नोंद बरोबर ठेवणं आणि मालकाला वेळेवर 'नाही' म्हणणं, ही दोन कामं मात्र बेंगळुरूत किंवा पुण्यात बसून होत नाहीत. आपल्याकडे लोक फाइल-चलनाचे पैसे देतात आणि ही दोन कामं फुकटात धरतात. तुमचं ऑफिस टिकेल की नाही, हे तुम्ही हा हिशेब उलटा करू शकता की नाही यावर आहे.

आधी नोंदीचं बघू, कारण सीमाभागात सगळा गुंता तिथेच आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बेळगाव तालुक्यातला माणूस असतो, खानापूरचा असतो आणि चंदगडकडून रोज गाडीवर येणाराही असतो. एकाच्या आधारवर कन्नड आणि इंग्रजी, दुसऱ्याच्या आधारवर मराठी आणि इंग्रजी. एकाचा शाळेचा दाखला मराठी शाळेचा, त्याच्या धाकट्या भावाचा कन्नड शाळेचा. दाखल्यावर परशराम, आधारवर परशुराम, बँकेत परसराम. लक्ष्मणचा लक्ष्मणा झालेला असतो. कुठे बापाचं नाव मधे, तर कुठे नुसतं आद्याक्षर आणि तेही आधी. चंदगडची मुलगी लग्न होऊन येळ्ळूरला आली की बँकेत सासरचं नाव आणि यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) माहेरचं. पगार व्हायला यातलं काही आड येत नाही. आड येतं ते २० वर्षांनी, पैसे काढायच्या दिवशी.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली १ जून अर्ध्या गावाची असते, आणि ज्याला तारीखच सांगता आली नाही त्याच्या आधारवर नुसतं वर्ष. जानेवारी २०२४ पासून ईपीएफओ (केंद्राची पीएफ संघटना) जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार घेत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, पासपोर्ट, पॅन यांपैकी काही लागतं. काहीच नसेल तर सिव्हिल सर्जनचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. फेटलिंगवर (ओतलेला माल घासून साफ करण्यात) आयुष्य काढलेल्या, शाळेत न गेलेल्या माणसासाठी ही धावपळ त्याच्या ५७ व्या वर्षी करायची की कामावर घेताना करायची, एवढंच आपल्या हातात असतं. ज्याचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला आहे, त्याला जानेवारी २०२५ पासून बऱ्याच दुरुस्त्या स्वतः ऑनलाइन करता येतात. जुन्यांना अजून मालकामार्फतच जावं लागतं. जुना कारखाना बंद पडला असेल तर मालक कुठून आणणार?

दुसरी कटकट म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख. कामगार शिनोळी सोडून मच्छेत लागतो. जुना मालक तारीख भरत नाही, किंवा हिशेब मिटवताना पुढच्या महिन्याचे चार दिवस जास्त दाखवतो. दोन ठिकाणच्या तारखा एकमेकींवर चढल्या की मे २०२५ पर्यंत ट्रान्सफर अडकायची; आता नुसत्या त्यावरून दावा फेटाळू नये असा ईपीएफओचा आदेश आहे. कोणी तारीख भरलीच नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः ती टाकू शकतो, पण हे त्याला सांगणारं कोणी नसतं.

यात किती पैसा अडकलेला असतो ते बघा. पेन्शनला १० वर्षं सेवा लागते. एकाची शिनोळीत ७ वर्षं झाली, मच्छेत ५. दोन्ही जोडली तर १२. पेन्शनपात्र पगार १५,००० धरला तर १५,००० गुणिले १२ भागिले ७०, म्हणजे ५८ व्या वर्षापासून महिन्याला साधारण २,५७१ रुपये, आणि पुढे बायकोला कुटुंब पेन्शन. तोच माणूस शिनोळी सोडताना "फंड काढून टाकूया" म्हणून पेन्शनचा भागही काढून बसला तर ती ७ वर्षं गेली. उरलेल्या ५ वर परत थोडी एकरकमी रक्कम, पेन्शन नाही. या एका सल्ल्याची किंमत कोणत्याही पेरोल कंपनीच्या माणशी दरात बसत नाही, आणि कोणी तो देतही नाही. म्हणून माझं सांगणं असं: भरतीच्या वेळी प्रत्येक कामगाराची कागदपत्रं जुळवून यूएएन स्वच्छ करायचे वेगळे पैसे लावा, एकदाच. जुन्या दुरुस्त्यांचे वेगळे. महिन्याचं चलन हवं तर स्वस्तात द्या.

आता मालकाची बाजू. तुमचा पहिला महिना संपायच्या आत कोणीतरी म्हणेल, "एकोणीसच धरा की ओ." वीस माणसं झाली की कायदा लागतो, म्हणून एकोणीसवर मस्टर थांबवायची ही युक्ती फार जुनी आहे. (कलमांचे आकडे मी १९५२ च्या जुन्या पीएफ कायद्याचे देतोय, कारण जुन्या थकबाकीच्या नोटिसा त्याच आकड्यांनी येतात.) पीएफचा अधिकारी नुसतं मस्टर बघत नाही, ताळेबंद मागतो. 'लेबर चार्जेस'खाली मोठा आकडा आणि मस्टरवर एकोणीस, हे जुळत नाही. दोन भावांच्या नावावर दोन जीएसटी नोंदण्या, पण भट्टी एक, विजेचं मीटर एक, हिशेबनीस एक असेल तर दोन्ही एकच धरून वसुली लागते. कलम २अ प्रमाणे शाखा कुठेही असली तरी आस्थापना एकच. आपल्याकडे याचा नेमका अर्थ असा की मच्छेत १४ आणि शिनोळीत ९ माणसं ठेवणारा मालक २३ चा झाला. मधे राज्याची हद्द आली म्हणून तो सुटत नाही. हद्दीचा फायदा आहे असं समजून शिनोळीत शेड घेतलेल्यांना हे सांगायला कोणी गेलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि एकदा लागू झालं की पुढे माणसं कमी झाली तरी लागूच राहतं.

टनावर काम करणारे मोल्डर (साचे भरणारे), फेटलिंगचा ठेकेदार, त्याची बिहारकडची पोरं, ही सगळी मोजणीत येतात. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकावर येतं. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्याच्या त्या महिन्याच्या ईसीआरमध्ये आपल्याकडच्या माणसांची नावं आहेत का, हे तुम्ही तपासायचं. नुसतं चलन बघून उपयोग नाही. चलन दुसऱ्याच कारखान्यातल्या माणसांचं असू शकतं.

थकलं तर काय होतं हे मालकाला आकड्यात सांगा, कलमं सांगत बसू नका. एक लाख रुपये दोन वर्षं थकले तर कलम ७क्यू चं व्याज वर्षाला १२ टक्क्यांनी २४,०००. वर १४बी चा दंड. तो पूर्वी उशिरानुसार वर्षाला ५ ते २५ टक्के होता, १४ जून २०२४ पासून महिन्याला सरसकट १ टक्का झाला. म्हणजे आणखी २४,०००. एवढं होऊनही भरलं नाही तर बँकेचं खातं गोठवतात, आणि मग पगार, कोळसा, वीजबिल सगळं एकदम थांबतं. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे न भरणं हा तर फौजदारी विश्वासघात आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ४०५ होतं, आता न्याय संहितेत ३१६.

पण मालक सर्वांत जास्त हादरले ते ऑक्टोबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. कामगाराचा हिस्सा १५ तारखेनंतर (पीएफ भरायची ती शेवटची तारीख) भरला तर तो आयकरात खर्च म्हणून धरता येत नव्हता, रिटर्नच्या आधी भरला असला तरी; एप्रिल २०२६ पासून रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरलेला धरता येतो, पण जुन्या वर्षांना तोच निकाल. साठ कामगार, प्रत्येकी १५,००० वर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,०८,००० रुपये. १६ तारखेला भरले की तेवढं उत्पन्न वाढायचं. त्यावरचा कर तुमच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त भरायचा, आणि मालक बोट तुमच्याकडे दाखवायचा: "तुम्ही चलन उशिरा काढलं." तुमच्या प्रश्नातल्या जोखमीचं उत्तर इथे आहे. कायदा वसुली मालकाकडून करतो, तुमच्याकडून नाही. पण नाव तुमचं जातं, आणि मालक भरपाई मागू शकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून लेखी करार, आणि त्यात तारखा: ५ तारखेपर्यंत हजेरी, ८ ला तुमचा तक्ता, १० ला मालकाची संमती. उशीर कोणाकडून झाला हे ई-मेलवर दिसलं पाहिजे. व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस मेसेजवर विसंबू नका.

दुसरा नियम मोडू नका: चलनाचे पैसे कधीही तुमच्या हातातून किंवा तुमच्या खात्यातून जाऊ देऊ नका. रोख घेऊन "मी भरतो" म्हणणारे कन्सल्टंट या भागात होऊन गेले, आणि त्यांच्यामुळे आजही नवीन माणसाला आधी चार शिव्या ऐकाव्या लागतात. मालकाच्या खात्यातून थेट भरणा. पासवर्ड आणि डिजिटल सही मालकाकडे, ओटीपी मालकाच्या फोनवर. मालक कंटाळून "तुमचाच नंबर घाला की" म्हणेल. घालू नका.

डेटाचंही असंच. शेकडो कामगारांची आधार, पॅन, पासबुकं तुमच्या फोनच्या गॅलरीत पडलेली असणार. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. मालकाच्या वतीने डेटा हाताळणारे तुम्ही. ऑफिसातल्या पोराच्या फोनवर आधारचे फोटो ठेवायची सवय आत्ताच मोडा.

वीस माणसांना घाबरणाऱ्या मालकासाठी सध्या एक गोड बाजूही आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नवीन माणूस नोंदवला तर केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला माणशी महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मिळतात, आणि पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला १५,००० रुपयांपर्यंत दोन हप्त्यांत. पन्नासच्या आत माणसं असतील तर किमान दोन नवीन वाढवावी लागतात, पन्नास किंवा जास्त असतील तर पाच. त्यासाठी यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावातून आलेल्या पोराच्या फोनवर तो प्रकार एका झटक्यात होत नाही. हे काम कारखान्यात जाऊन, दुपारच्या सुट्टीत, स्वतः उभं राहून करावं लागतं. परत तेच: तुमची कमाई इथे आहे.

ग्रॅच्युइटीत कर्नाटकाची बाजू वेगळी आहे आणि बऱ्याच मालकांना अजून पत्ता नाही. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने सक्तीच्या ग्रॅच्युइटी विम्याचे नियम काढले. कायदा दहा माणसांना लागतो. त्यामुळे पीएफमधून एकोणीसवर सुटलेला मालक इथे सापडतो. एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीची पॉलिसी घ्यायची. ज्यांचा मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंड आधीच चालू आहे, किंवा ज्यांच्याकडे ५०० किंवा जास्त माणसं आहेत, त्यांना फंडाचा मार्ग मोकळा. उद्यमबागेत ५०० वाले किती? बाकी सगळ्यांना पॉलिसीच.

इथे मालक विचारतो, "कशाला? द्यायची वेळ आली की देतो की." त्याला एक उदाहरण करून दाखवा. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १८,०००, सेवा २० वर्षं. १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २०, म्हणजे २,०७,६९२. असे चार मोल्डर एका वर्षात निवृत्त झाले तर आठ लाखांच्या वर, तेही ३० दिवसांत. मंदीच्या वर्षात हे पैसे कुठून आणणार? पॉलिसी घेताना पहिल्या वर्षी मागच्या सगळ्या सेवेचा बोजा एकदम दिसतो आणि मालक कागद बाजूला सारतो. हप्त्यांत भरायची सोय विमा कंपनीकडून लेखी मागून घ्या. मात्र एक पथ्य: एलआयसीची एजन्सी तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर असेल तर ते मालकाला पहिल्याच भेटीत सांगा, आणि कमिशन आणि सल्ल्याची फी दोन्ही घेत असाल तर तेही लेखी. नंतर कळलं तर पीएफचं कामही जातं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी श्रमसंहिता लागू झाल्या, त्याने हा आकडा आणखी वाढतो. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. बेसिक ७,००० आणि बाकी घरभाडं, धुलाई, स्पेशल अलाउन्स असं पगारपत्रक असलेल्यांची ग्रॅच्युइटी यामुळे फुगणार. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला पाच नाही, एका वर्षावर ग्रॅच्युइटी. पीएफमध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१९ च्या निकालापासूनच सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता बेसिकमध्ये धरावा लागतो, १५,००० च्या मर्यादेपर्यंत. "भत्ते फोडून द्या" असा आग्रह धरणारा मालक आला तर त्याच्याकडून आणि त्याच्या ऑडिटरकडून ते लेखी घ्या. नाही दिलं तर काम सोडा. नव्या संहितेत चौकशीला पाच वर्षांची मुदत घातली आहे म्हणून काही जण निर्धास्त झालेत. पाच वर्षंही छोटा कारखाना बुडवायला पुरतात.

एनपीएसवर जास्त वेळ घालवू नका. तुम्ही पॉइंट ऑफ प्रेझेन्स (एनपीएसची खाती उघडायला नेमलेली संस्था) नाही, बँकेमार्फतच काम होणार. नव्या करपद्धतीत मालकाने भरलेल्या रकमेवर पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पापासून. त्यामुळे मशीन शॉपमधले इंजिनियर आणि मॅनेजर विचारतात, पण भट्टीवरचा माणूस विचारत नाही. जुन्या मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या पीएफ ट्रस्टचं (ईपीएफओऐवजी कारखानाच फंड सांभाळतो त्याचं) काम कोणी देऊ केलं तरी सध्या नको म्हणा. तिथे ईपीएफओच्या व्याजाइतकं व्याज द्यावंच लागतं, आणि २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी बुडाली तेव्हा तिच्या रोख्यांत पैसे अडकलेल्या ट्रस्टांची खोट मालकांवर आली. ते काम वेगळ्या माणसांचं आहे.

पतसंस्था आणि सोसायट्या मात्र सोडू नका. आपल्या भागात गल्लीगल्लीत आहेत. "आम्ही सहकारी, आम्हाला पीएफ नाही" असं चेअरमन ठासून सांगतात. सूट आहे, पण दोन अटी एकत्र: माणसं ५० च्या आत, आणि काम विजेच्या साहाय्याशिवाय. संगणकावर चालणाऱ्या सोसायटीने दुसऱ्या अटीवर किती भरवसा ठेवायचा हे त्यांच्या वकिलाकडून लेखी घ्यायला लावा.

तुम्ही निपाणीचे, म्हणून विड्यांबद्दल. घरी विड्या वळणाऱ्या बायका ठेकेदारामार्फत काम करत असल्या तरी कंपनीच्याच कामगार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. विडी उद्योगाला पीएफ १९७७ पासून आहे, दर १२ नाही, १० टक्के. या बायकांच्या नोंदी सर्वांत वाईट असतात. एकीच्या नावावर वेगवेगळ्या ठेकेदारांचे दोन-तीन जुने खातेनंबर, वयात फरक, वारस म्हणून वारलेला नवरा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकींचं पेन्शन सप्टेंबर २०१४ पासूनच्या किमान १,००० रुपयांवरच अडलंय. त्या अक्का तुम्हाला फी देऊ शकणार नाहीत, आणि त्यांच्याकडून घेऊही नका. पण कारखानदाराकडून हे जुन्या नोंदींचं काम ठरावीक रकमेत मिळवता येतं, कारण त्यालाही तपासणीची भीती असते.

आणखी एक: कन्नड वाचता आलं पाहिजे. पीएफचं ऑफिस केंद्राचं, तिथे इंग्रजीवर भागतं. पण राज्याच्या कामगार खात्याची नोटीस, ग्रॅच्युइटीचा कागद कन्नडमध्ये येतो, आणि मराठी मालक तो वाचून न घेता फाइलला लावतो. तुम्ही वाचून त्याच दिवशी अर्थ सांगितलात तर तो मालक परत ऑनलाइन कंपनीकडे जाणार नाही.

ऑफिस कुठे टाकायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण विचार करा. बेळगावात भाडं जास्त आणि आमच्यासारखे बसलेले आहेतच. निपाणीतून कागल आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी हायवेवरच आहे. तिथल्या कारखान्यांना कर्नाटकचा ग्रॅच्युइटी विम्याचा नियम नाही, पण संकेश्वर-चिकोडीकडून जाणारे कामगार आहेत, आणि त्यांच्या कागदांचा गुंता तोच आहे. पहिल्या वर्षी दहा-बारा कारखान्यांच्या पुढे जाऊ नका, आणि त्यात एकोणीसवर अडून बसलेला एकही घेऊ नका.